पन्नीचे कुळगोत्र

सोयाबीनची सोंगणी आटोपून शिवारात गंज्या लागलेल्या असाव्यात आणि परतीच्या पावसाचे ढग भरून यावेत, म्हणजे वाशीम जिल्ह्याच्या गावोगावी ‘ताडपत्री आण’, आणि ती नसेल तर ‘पन्नी तरी आण’, असा एकच पुकारा होतो. या दोन शब्दांची वंशावळ काढू गेल्यास मोठी गंमत दृष्टीस पडते. जिच्या नावात ताडाचे पान उघड दिसते त्या ताडपत्रीचा ताडाशी तिळमात्र संबंध नसून, डांबर फासलेल्या जहाजी कापडाच्या ‘टारपॉलिन’ या इंग्रजी नावाला आपल्या जिभेने दत्तक घेऊन दिलेले ते सोयीचे गोत्र आहे. उलट जी पन्नी आपण फेकाऊ, बाजारू समजतो, तिच्या पाठीशी मात्र संस्कृत ‘पर्ण’ उभे आहे. पर्णापासून पन्ना, पन्न्यापासून पन्नी, आणि मूळ अर्थ कथलाचा वा पितळेचा कागदासारखा पातळ, चकचकीत पत्रा. प्लास्टिक आले तेव्हा लोकांनी तोच पातळपणा आणि तीच चकाकी ओळखून हे नाव त्याला बहाल केले. परिभाषा-समितीलाही इतके नेमके नाव सुचले नसते.

वस्तूचा जन्म मात्र दूरचा. मार्च 1933 मध्ये इंग्लंडातील चेशायर परगण्यात, विनिंग्टन येथील इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत फॉसेट आणि गिब्सन या रसायनतज्ज्ञांनी एथिलीन वायू व बेंझाल्डिहाइड प्रचंड दाबाखाली तापविले, आणि भांड्यात अपेक्षित पदार्थाऐवजी मेणासारखा पांढरा अंश सापडला. तेच पॉलिथीन. महायुद्धात ते रडारच्या तारांवर चढले. 1959 मध्ये कलकत्त्याजवळील रिश्रा येथे त्याचे उत्पादन सुरू झाले.

परंतु पॉलिथीनच्या दाण्याची पन्नी होते ती हकीकत याहून मनोरंजक आहे. वितळलेला रस वर्तुळाकार फटीतून वर निघतो, आत हवा भरून त्याचा फुगा केला जातो, बाहेरून थंड वारा घातला जातो, आणि काही अंतरावर, जिथे पारदर्शक रस गोठून किंचित धूसर होतो, तिथे ‘फ्रॉस्ट लाइन’ उमटते. पन्नीची जाडी फटीपासून या रेषेपर्यंतच्या मुलखातच ठरते; रेषेपलीकडे तीत फेरफार होत नाही. 1970 मध्ये पिअर्सन आणि पेट्री या संशोधकांनी, जाडी त्रिज्येपुढे नगण्य असल्याने फुगा म्हणजे निव्वळ एक पातळ कवच, असे मानून त्यावरील ओढीचे आणि दाबाचे गणित मांडले. त्यात उष्णता प्रथम बाजूला ठेवली होती, आणि खरी अडचण तिचीच होती. रस थंडावू लागला की त्याची श्यानता झपाट्याने वाढते, म्हणजे तो ओढीला दाद देईनासा होतो. शिवाय गोठताना सुप्त उष्णता बाहेर पडत असल्याने तापमान काही अंतर जवळपास आहे तिथेच रेंगाळते. वाऱ्याचा झोत एका बाजूला अधिक लागला, तर तेथील रस लवकर ताठरतो, ओढ दुसऱ्या बाजूवर पडते आणि ती अधिक पातळ होते.

हा हिशेब ठाऊक नसलेला शेतकरीही पन्नीची परीक्षा करतो. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेत 2016 पासून जी तळी खोदली गेली, त्यांपैकी मुरमाड जमिनीतल्या तळ्यांत पाणी टिकण्याची सगळी भिस्त पन्नीच्या अस्तरावर, म्हणजे जेमतेम अर्ध्या मिलिमीटरवर असते. वाशीमच्या पद्मतीर्थ तळ्याचा दगडी चिरा डोळ्यांना दिसतो. अस्तरावरची ही भिस्त मात्र दिसत नाही. म्हणून साधी पन्नी घेतानादेखील गिऱ्हाईक ती उन्हाकडे धरून दाट-पातळ निरखते, आणि नखाने कडेला चीर पाडून पाहते. ती चीर बहुधा लांबीच्या दिशेनेच धावत जाते. कारखान्यात फुगा याच दिशेने ओढलेला असतो.