अमेरिकन शासन व राजकारण : प्रगत शालेय अध्ययन

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत महाविद्यालयीन पातळीवर शिकविला जाणारा राज्यशास्त्राचा अभ्यासक्रम. ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ या परीक्षाकार्यक्रमातील एक विषय म्हणून त्याची परीक्षा १९८७ पासून घेतली जाते. निष्ठावान नागरिक घडविणे आणि सत्तेची चिकित्सा करण्यास शिकविणे, या दोन उद्दिष्टांतील ताण हे या अध्ययनाच्या इतिहासाचे मुख्य सूत्र होय.

पूर्वपीठिका : शालेय शिक्षणाच्या पुनर्रचनेसाठी १८९२ मध्ये नेमलेल्या दहा सदस्यांच्या समितीच्या कामात इतिहासाबरोबर नागरी शासन या विषयाचाही विचार झाला. पुढे १९१६ मध्ये सामाजिक अभ्यासविषयक समितीने नवव्या इयत्तेसाठी ‘सामुदायिक नागरिकशास्त्र’ व बाराव्या इयत्तेसाठी ‘अमेरिकन लोकशाहीच्या समस्या’ असे दोन पाठ्यक्रम सुचविले. यूरोपातून मोठ्या संख्येने येणाऱ्या स्थलांतरितांच्या मुलांना अमेरिकन जीवनात सामावून घेणे, ही त्या काळी शाळेची एक महत्त्वाची जबाबदारी मानली जात होती. साहजिकच शासनसंस्थांच्या वर्णनाला देशनिष्ठेच्या संस्कारांची जोड मिळाली.

या मर्यादेबाहेर जाणे सोपे नव्हते. हॅरल्ड रग यांच्या सामाजिक अभ्यासावरील पाठ्यपुस्तकांत आर्थिक विषमतेसारख्या प्रश्नांची चर्चा होती. ती पुस्तके देशविरोधी असल्याचा आरोप करून ‘अमेरिकन लीजन’सारख्या संघटनांनी १९४० च्या सुमारास त्यांविरुद्ध मोहीम चालविली व अनेक शाळांतून ती काढून टाकण्यात आली. याउलट १९४३ मध्ये ‘वेस्ट व्हर्जिनिया शिक्षण मंडळ विरुद्ध बार्नेट’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांवर ध्वजवंदनाची व प्रतिज्ञेची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय देऊन आपलाच १९४० चा निर्णय फिरविला.

केनेथ लँग्टन व एम्. केंट जेनिंग्ज यांनी १९६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत नागरिकशास्त्राच्या पाठ्यक्रमांचा बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या राजकीय ज्ञानावर व वृत्तींवर फारच अल्प परिणाम झाल्याचे आढळले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र तो अधिक होता. जे घरी व समाजात आधीच कानांवर आले आहे, त्याची शाळेत पुनरावृत्ती होते, असे याचे एक स्पष्टीकरण देण्यात आले. सव्विसाव्या घटनादुरुस्तीने १९७१ मध्ये मतदानाचे किमान वय १८ वर्षे झाल्यावर या प्रश्नाचे महत्त्व वाढले. कारण बाराव्या इयत्तेतील विद्यार्थी आता मतदार होण्याच्या उंबरठ्यावर होता.

प्रगत अभ्यासक्रम : हुशार विद्यार्थ्यांना शाळेतच महाविद्यालयीन अध्ययनाची संधी द्यावी, या १९५० नंतरच्या प्रयोगांतून ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ कार्यक्रम निघाला. ‘कॉलेज बोर्ड’ या खाजगी, ना-नफा तत्त्वावरील संस्थेने त्याची सूत्रे हाती घेतली व १९५६ मध्ये तिच्या पहिल्या परीक्षा झाल्या. अमेरिकेत शिक्षण हा मुख्यत्वे घटकराज्यांचा विषय असून सर्व शाळांना बंधनकारक असा राष्ट्रीय पाठ्यक्रम नाही. त्यामुळे देशभर एकाच मापाने तपासला जाणारा शासनविषयक अभ्यासक्रम संघशासनाने नव्हे, तर एका खाजगी संस्थेने घडविला, ही लक्षणीय बाब आहे.

संविधानाचा पाया, शासनशाखांचे परस्परसंबंध, नागरी स्वातंत्र्ये व हक्क, राजकीय विचारप्रणाली आणि राजकीय सहभाग असे त्याचे पाच विभाग आहेत. २०१८-१९ पासून लागू झालेल्या सुधारणेने ९ मूळ दस्तऐवज व सर्वोच्च न्यायालयाचे १५ निर्णय अभ्यासणे आवश्यक ठरविले. दस्तऐवजांत स्वातंत्र्याचा जाहीरनामा व संविधान यांबरोबर मॅडिसन व हॅमिल्टन यांचे ‘फेडरलिस्ट’ मालेतील ४ निबंध आहेत. तसेच प्रबळ केंद्रसत्तेला विरोध करणारा ‘ब्रूटस’ या टोपणनावाने लिहिलेला निबंध आणि मार्टिन ल्यूथर किंग यांचे बर्मिंगहॅमच्या तुरुंगातील पत्रही (१९६३) आहे. संविधानाचे समर्थक, त्याचे टीकाकार आणि अन्यायी कायदा मोडणारा सत्याग्रही अशा तिघांचेही म्हणणे विद्यार्थ्याला मुळातून वाचावे लागते. परीक्षेत ५५ बहुपर्यायी व ४ लेखी प्रश्न असतात. गुणांकन १ ते ५ असून, ३ किंवा त्याहून अधिक गुणांक मिळाल्यास अनेक महाविद्यालये सवलत देतात.

मूल्यमापन : आवश्यक निर्णयांत ‘टिंकर विरुद्ध डे मॉइन’ (१९६९) हा खटला आहे. व्हिएटनाम युद्धाच्या निषेधार्थ हातावर काळ्या फिती बांधल्याबद्दल आयोवा राज्यातील विद्यार्थ्यांना १९६५ मध्ये शाळेतून तात्पुरते काढण्यात आले होते. शाळेच्या दारात पाऊल टाकल्याने अभिव्यक्तिस्वातंत्र्य संपत नाही, असा निर्वाळा न्यायालयाने दिला. आज हा खटला शिकणारे विद्यार्थी आपल्याच वयाच्या मुलांनी मिळविलेल्या हक्काविषयी वाचत असतात.

मात्र हा पाठ स्थिर नाही. गर्भपाताच्या हक्काविषयीचा ‘रो विरुद्ध वेड’ (१९७३) हा निर्णय आवश्यक यादीत होता. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो रद्दबातल ठरविल्यानंतर यादीतूनही तो वगळण्यात आला आणि आवश्यक निर्णयांची संख्या १४ झाली. जो हक्क एका वर्षीच्या विद्यार्थ्यांनी प्रस्थापित म्हणून अभ्यासला, तो पुढील तुकडीला त्या स्वरूपात उरला नाही. एका राजकीय व्यवस्थेचे अध्ययन त्या व्यवस्थेतील संघर्षापासून अलग ठेवता येत नाही, हे यावरून दिसते.

सर्व शाळांत हा विषय उपलब्ध नसणे व परीक्षेचे शुल्क यांमुळे संधीची विषमता निर्माण होते, असा आक्षेप घेतला जातो. परीक्षेच्या दडपणाखाली चर्चेपेक्षा तयारीला महत्त्व येते, अशीही टीका होते. असे असले, तरी ज्या संविधानाची कलमे विद्यार्थ्यांनी पूर्वी बहुधा पाठ करावयाची, त्याच्या अर्थावर पुराव्यानिशी वाद घालण्यास त्यांना शिकविणे, हे या अभ्यासक्रमाचे खरे योगदान होय.