अ‍ॅल्युमिनियमच्या पायऱ्या

घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली मांस जवळपास नसतंच. कातडी, मागच्या अंगाला जाड कंडरा आणि मध्ये नळीचं हाड. शर्यतीच्या तरण्या घोड्याचं सगळं भवितव्य या हाडावर टेकलेलं असतं. हाडातलं खनिज मोजण्याची एक जुनी पद्धत घोड्याला इतकी मानवली, तीही या बिनमांसाच्या पायामुळेच, कारण क्ष-किरणांच्या वाटेत मांस आलं की मोजमाप बिघडतं.

पद्धत आली मात्र माणसांकडून. क्ष-किरणांच्या फिल्मवर हाड पांढरं उमटतं, पण किती पांढरं? यंत्राचा जोर, फिल्मची जात, धुण्याचं रसायन, कशानेही छटा बदलते. म्हणून हाडाशेजारी, त्याच फिल्मवर, अ‍ॅल्युमिनियमची जिन्यासारख्या पायऱ्या असलेली पट्टी ठेवायची. अ‍ॅल्युमिनियम क्ष-किरणांना बरंचसं हाडातल्या खनिजासारखंच अडवतं. हाडाची छटा ज्या पायरीशी जुळेल, तितके मिलिमीटर अ‍ॅल्युमिनियम हे त्या हाडाचं माप. क्ष-किरणचित्रावरून खनिजाचा अंदाज बांधण्याची रीत पॉलीन बेरी मॅक यांनी १९३९ मध्येच मांडली होती. पुढे १९६५ मध्ये जेमिनी यानांतून परतलेल्या अंतराळवीरांच्या टाचेची हाडं त्यांनी अशीच तपासली. शरीराचा भार पेलायचं काम थांबलं की हाड खनिज सोडू लागतं, हे त्यांना पाहायचं होतं.

घोड्यापर्यंत ही पट्टी पोचवली फ्लोरिडा विद्यापीठातल्या पशुसंशोधकांनी. त्यांचा निबंध १९८१ चा. नळीला रक्त पुरवणारी वाहिनी हाडात शिरते ते छिद्र चित्रात शोधायचं आणि त्याच्या सेंटिमीटरभर खाली मोजायचं, म्हणजे दर वेळी तीच जागा सापडते. एक चित्र समोरून, एक बाजूने. मग पुढची, मागची, आतली आणि बाहेरची, अशा चारही भिंती वेगळ्या वाचता येतात.

याहून अचूक यंत्रं नव्हती असं नाही. विस्कॉन्सिनच्या कॅमेरॉन आणि सोरेन्सन यांनी १९६३ मध्ये किरणोत्सारी आयोडीन वापरून माणसाच्या हाडातलं खनिज मोजून दाखवलं. लिओ जेफकॉट यांनी १९८० च्या दशकात घोड्याच्या हाडातून ध्वनिलहरी किती वेगाने जातात ते तपासलं. १९८७ मध्ये क्ष-किरणांनीच हाडाची घनता मोजणारं डेक्सा यंत्र बाजारात आलं. पण ते आडव्या, निश्चल पडलेल्या माणसासाठी घडवलेलं. जागं शिंगरू त्यावर कोण झोपवणार? पट्टी आणि फिल्म घेऊन थेट तबेल्यात जाता येत होतं, म्हणूनच ती टिकली.

आणि ती टिकली हे फार बरं झालं, कारण तिने सगळ्यांचा समज मोडला. ब्रायन निल्सन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ५३ क्वार्टर हॉर्स जातीच्या तरण्या घोड्यांची निरीक्षणं प्रसिद्ध केली. सराव सुरू झाला की हाड पक्कं होत जाईल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात पहिले दोन महिने खनिज घटत गेलं आणि बऱ्याच काळाने पुन्हा चढलं. वेगाचा सराव सुरू झाला तेव्हा हाड अजून उतरलेलंच होतं!

कारण सरावात नव्हतं, तबेल्यात होतं. कुरणात शिंगरं अधूनमधून आपणहून चौखूर उधळतात. सरावासाठी त्यांना तबेल्यात आणून बांधलं आणि रोज नुसती संथ दुडकी रपेट दिली, तर नळीला तसा झटका कधी बसतच नाही. मिशिगन स्टेट विद्यापीठात कुरणातल्या आणि तबेल्यातल्या अरबी शिंगरांची तुलना झाली, तीही याच दिशेने बोट दाखवणारी निघाली. पेनसिल्व्हेनियात डेव्हिड नुनामेकर यांनी नळीवर पडणारा ताण थेट मोजला होता. थोड्या अंतराच्या पण वेगवान धावा लवकर सुरू करा, असंच त्यांचंही सांगणं होतं.

मग प्रश्न उरला तो मात्रेचा. मिशिगनमध्येच २००४ मध्ये दूध तुटलेल्या, कोंडलेल्या शिंगरांना आठवड्यातले पाच दिवस ८२ मीटर पळवून पाहिलं. तेवढ्यानेही हाडात फरक पडला. पण हाड किती जोराने मोडतं ते बघायचं तर ते शरीरातून काढावं लागतं. त्यासाठी २०१९ च्या प्रयोगात शिंगरांऐवजी वासरं घेतली. सहा आठवडे, आठवड्यातून एकदाच ७१ मीटरची धाव. एवढी धाव मिळालेल्या वासरांची नळी मोडायला, नुसत्या कोंडून ठेवलेल्या वासरांपेक्षा, जास्त जोर लागला.