मूळ ध्वनिमुद्रिका आणि तिचे पाठभेद

आज चेन्नई महानगरात सामावलेल्या शोळिंगनल्लूरच्या नैर्ऋत्येस, चेंगलपट्टूच्या लोहमार्गावर सिंगपेरुमाळ कोविल हे लहानसे स्थानक आहे. मद्रासहून पाँडिचेरीस निघालेल्या अब्दुल करीम खाँ यांचे २७ ऑक्टोबर १९३७ रोजी तेथे निधन झाले. दफन मिरजेस झाले. मागे राहिल्या त्या तबकड्या. १९३० नंतरच्या मुद्रणांत झिंझोटीतील ठुमरीबरोबर खरहरप्रिया रागातील त्यागराजांची कृतीही आहे. उत्तर-दक्षिण संगीतसंबंधांचा हा दुर्मीळ श्राव्य पुरावा होय.

हा पुरावा आज बहुधा संगणकीय ध्वनिफितीच्या रूपात ऐकला जातो. तबकडीवरून एल. पी., तीवरून कॅसेट, मग संगणक, अशा प्रवासात कोणी खरखर पुसली, कोणी कृत्रिम घुमारा मिसळला. म्हणून मूळ प्रकाशनस्थितीचा शोध हा पाठचिकित्सेचाच प्रश्न ठरतो. सुकथनकरांनी भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना आदिपाठाचा दावा केला नव्हता. उपलब्ध साधनांतून गाठता येईल तो प्राचीनतम पाठ त्यांना हवा होता. ध्वनिसंशोधक एका अर्थी भाग्यवान, कारण त्याला मूळ मुद्रित प्रतच हाती लागू शकते.

ती नसेल तर मात्र सर्वच फेरफार उलटवता येत नाहीत. वेग बदलला असेल तर तो सुधारता येतो. खरखरीबरोबर गेलेले आवाजाचे वरचे पदर, किंवा एम्पीथ्री करताना गाळलेला तपशील, परत आणता येत नाही. तेथे सुधारणेच्या नावाखाली होते ती नवी भर.

वेगाचा प्रश्नही वाटतो तितका सरळ नाही. जुन्या तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनीच मुद्रित झाल्या असे नाही. ७८ची तबकडी ८० फेऱ्यांनी वाजवल्यास स्वर सुमारे पाव स्वराने चढतो. कृष्णाजी बल्लाळ देवलांच्या श्रुतिप्रयोगांस साहाय्य करणाऱ्या या गायकाच्या श्रुती तरीही अबाधित राहतात, कारण सर्व स्वर एकाच प्रमाणात सरकतात. बदलते ती पट्टी, लय आणि आवाजाची जात. खाँसाहेबांच्या बारीक आवाजाविषयी मत देणाऱ्याने म्हणूनच आपण कोणता पाठ ऐकला हे आधी नोंदवावे. साथीला हार्मोनियम असल्यास तिच्या स्थिर स्वरांवरून वेगाचा अंदाज बांधता येतो. अर्थात ती पेटी कोणत्या पट्टीस मिळवलेली होती, हे तबकडी सांगत नाही.