सोनेगावची वेधशाळा : शेताच्या बांधापर्यंतची वाटचाल

1945 मध्ये भारतीय हवामान खात्याने आपला कारभार विभागवार वाटला, तेव्हा मुंबई, कलकत्ता, मद्रास आणि दिल्लीच्या जोडीने नागपूरला प्रादेशिक केंद्र मिळाले. विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड एवढा विस्तीर्ण मुलूख आज या केंद्राच्या अखत्यारीत आहे. केंद्राचे ठाणे सोनेगाव विमानतळावर आहे. 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली आणि चारही महानगरांची विमाने मध्यरात्री येथे एकत्र येऊ लागली. वाटेतले ढग-वारे आधी कळणे ही त्या उड्डाणांची गरज होती.

पुढे शेतीची गरज अधिक मोठी ठरली. विदर्भातली बहुतांश शेती कोरडवाहू. 2008 पासून जिल्हावार कृषी हवामान सल्ला सुरू झाला. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांचा त्यात मोलाचा वाटा राहिला. मात्र एकाच जिल्ह्यात एका तालुक्यात झड लागते आणि शेजारचा तालुका कोरडा राहतो. ही उणीव भरण्यासाठी 2018 नंतर कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रे उघडली. देशभरात अशी 199 केंद्रे उभी राहिली. गडचिरोली आणि बुलढाण्यालाही ती मिळाली. केंद्रात माणसे दोनच, एक विषयतज्ज्ञ आणि एक निरीक्षक, तीही कंत्राटी. पण पाऊस येतोय, कपाशीवरची फवारणी थांबवा, कापलेले सोयाबीन झाकून ठेवा, असा तालुक्यापुरता नेमका निरोप मराठीतून शेतकऱ्याच्या मोबाइलवर पोचवण्याचे काम हीच माणसे करीत.

23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात चार तासांत 100 मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, माणसे दगावली. स्थानिक पातळीवरचा इशारा किती निकडीचा आहे, हे शहराने त्या पहाटे अनुभवले. त्यानंतर चारच महिन्यांनी, जानेवारी 2024 मध्ये, जिल्हा केंद्रे बंद करण्याचा आदेश निघाला. नोंदी आता यंत्रेच घेतात, मग माणसांवर खर्च कशाला, अशी नीती आयोगाची भूमिका होती. ती चुकीची होती. या माणसांचे मुख्य काम नोंदी घेण्याचे नव्हते. अंदाजाचा पिकानुसार अर्थ लावून तो शेतकऱ्याला सांगण्याचे होते. मार्चअखेर केंद्रांना कुलपे लागली आणि प्रशिक्षित तरुण घरी बसले.

मे महिन्याच्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश तापमान दाखवले. देशभर खळबळ उडाली. सेन्सर नीट काम करत नसल्याचा खुलासा खात्याला करावा लागला. यंत्राने दिलेला आकडा पारखून घ्यायला अखेर जाणते माणूसच लागले.

सप्टेंबर 2024 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘मिशन मौसम’साठी दोन वर्षांकरिता 2,000 कोटी रुपये मंजूर केले. रडार आणि संगणक यांचे बळ त्यातून वाढणार आहे. त्याच सुमारास जिल्हा केंद्रे पुन्हा उघडण्याचा मनोदयही खात्याने बोलून दाखवला. तालुक्याचा निरोप पोचवणाऱ्या त्या दोन जागांसाठी यातून तरतूद व्हावी, ही विदर्भातल्या शेतकऱ्याची रास्त मागणी आहे.