बेकर रायफल आणि नवशिक्या सैनिकाचे शिक्षण

नेपोलियनकालीन इंग्रज रायफलधाऱ्यांच्या नैपुण्याचे श्रेय सामान्यतः बंदुकीच्या नळीतील आट्यांस दिले जाते. हे मत अपुरे आहे. लंडनच्या व्हाइटचॅपेल भागातील इझीकेल बेकर याची रायफल १८०० मध्ये इंग्रज सैन्यात स्वीकारली गेली. तिच्या ३० इंची नळीत ७ आटे होते व बाहेर पडेपर्यंत गोळीस पाव फेरा मिळे. तथापि, जो हात शिकलेला नसे, त्याच्या हाती ही रचना व्यर्थ होती.

साध्या मस्केटीत सैल गोळी सहज उतरे व तरबेज शिपाई मिनिटास तीन बार काढी. रायफलधाऱ्यास अचूक नेम हवा असल्यास त्वरा सोडावी लागे. मोजलेली दारू ओतून, चरबी माखलेल्या चामड्याच्या चकतीत गुंडाळलेली गोळी तो गजाने दारूवर पक्की बसवी आणि सर्वांत शेवटी वाटीत रंजक घाली. गोळी इतकी घट्ट जाई की, आरंभी लाकडी हातोडेही दिले गेले होते. ते लवकरच मागे पडले. गोळी व दारू यांमध्ये पोकळी राहिल्यास नळी फुटण्याचे भय असे.

याहून कठीण शिक्षण दृष्टीचे व मनाचे होते. घोडा पडताच गारेची ठिणगी रंजकावर पडे आणि तो जाळ कानातून आतील दारूस भिडे. या अल्पशा अवधीत डोळ्यांसमोर भडका उडे. नवशिका दचके व नेम ढळे. भडक्यानंतरही नेम स्थिर राखणे, हेच या विद्येचे मर्म होय.

मस्केटधारी पलटणीच्या कवायतीत नेम धरण्याची स्वतंत्र आज्ञाच नव्हती. बंदुका समोर रोखून एकदम बार काढीत. उलट, १८०० मध्ये कूट मॅनिंगहॅम व विल्यम स्टुअर्ट यांनी उभारलेल्या रायफल पथकात प्रत्येकास निशाणावर सराव देऊन नेमबाजीनुसार त्याचा वर्ग ठरविला जाई. अंतर, आडोसा व बार काढण्याचा क्षण यांचा निर्णय सामान्य शिपायावर सोपविणे, हा खरा बदल होता.

१८३० च्या दशकाच्या अखेरीस टोपीच्या चापाने गारेस हटविण्यास प्रारंभ केला. वैयक्तिक नेमबाजीचे शिक्षण मात्र टिकले. १८५३ मध्ये हाइथ येथे निघालेली नेमबाजीची लष्करी शाळा हे त्याचेच फलित म्हणता येईल.