सेंद्रिय अन्न : खरेदीपूर्वी जाणून घ्यावे असे काही

छत्तीसगडमधील भिलाई येथील सिविक सेंटर ही पोलाद प्रकल्पाच्या वसाहतीतील प्रमुख बाजारपेठ आहे. अशा हिंदी भाषक बाजारपेठेत ज्याला ‘जैविक’ म्हटले जाते, त्यालाच मराठीत ‘सेंद्रिय’ हा शब्द रूढ आहे. शब्द कोणताही असो, त्यासाठी ग्राहकाला अधिक किंमत मोजावी लागते. त्यामुळे या शब्दामागील अर्थ आणि नियम समजून घेणे आवश्यक ठरते.

सेंद्रिय शेती म्हणजे काय?

रासायनिक खते, कृत्रिम कीटकनाशके आणि जनुकीय बदल केलेले बियाणे यांचा वापर न करता केलेल्या शेतीला सेंद्रिय शेती म्हणतात. शेणखत, कंपोस्ट, गांडूळखत, हिरवळीची खते आणि पिकांची फेरपालट यांवर तिचा भर असतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे कंपोस्ट तयार करण्याची पद्धत विकसित केली. ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर ओळखली जाते.

छत्तीसगडची ओळख भातशेतीची. भातशास्त्रज्ञ डॉ. आर. एच. रिछारिया यांनी या प्रदेशातील हजारो देशी वाणांचे संकलन केले. येथील ‘जिराफूल’ या सुवासिक तांदळाला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मात्र देशी वाण म्हणजे सेंद्रिय धान्य नव्हे. देशी वाणही रासायनिक खतांवर वाढविता येते.

प्रमाणीकरण

देशात राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम २००१ पासून राबविण्यात येत आहे. त्यात मान्यताप्राप्त संस्था शेताची तपासणी करून प्रमाणपत्र देते. सहभागी हमी पद्धतीत परिसरातील किमान पाच शेतकऱ्यांचा गट परस्परांच्या शेतांची पाहणी करतो. हा मार्ग लहान शेतकऱ्यांना कमी खर्चाचा पडतो. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१७ मध्ये सेंद्रिय अन्नासाठी नियम केले आणि ‘जैविक भारत’ हे चिन्ह प्रचारात आणले. हे चिन्ह आणि ‘इंडिया ऑरगॅनिक’ यांऐवजी एकच संयुक्त चिन्ह आणण्याची प्रक्रिया २०२५ मध्ये सुरू झाली.

शेतकऱ्यापुढील प्रश्न

रासायनिक शेती सोडताच माल सेंद्रिय ठरत नाही. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार हंगामी पिकांसाठी साधारणपणे २ वर्षांचा, तर फळबागांसारख्या बहुवर्षायू पिकांसाठी ३ वर्षांचा रूपांतर काळ पाळावा लागतो. या काळात उत्पादन घटण्याची शक्यता असते, मात्र पूर्ण सेंद्रिय मालाचा भाव मिळत नाही. ही कोंडी लक्षात घेऊन केंद्र सरकारने २०१५ मध्ये परंपरागत कृषी विकास योजना सुरू केली. श्रीलंकेने एप्रिल २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर अचानक बंदी घातली. भाताचे उत्पादन घटले आणि काही महिन्यांतच तिला माघार घ्यावी लागली. हा बदल टप्प्याटप्प्यानेच करावा लागतो, हे त्यातून दिसून आले. याउलट सिक्कीमने सुमारे एका तपाच्या प्रयत्नांनंतर, जानेवारी २०१६ मध्ये, पूर्ण सेंद्रिय राज्याचा मान मिळविला.

आरोग्याला लाभ किती?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ मध्ये घेतलेल्या आढाव्यात सेंद्रिय अन्न अधिक पौष्टिक असल्याचा सबळ पुरावा आढळला नाही. मात्र त्यात कीटकनाशकांचे अवशेष आढळण्याचे प्रमाण कमी होते. ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील २०१४ च्या अभ्यासात सेंद्रिय पिकांत अँटिऑक्सिडंट अधिक व कॅडमियम कमी आढळले. सेंद्रिय अन्न परवडत नाही म्हणून भाज्या व फळे कमी खाणे मात्र हिताचे नाही.

ग्राहकांनी काय पाहावे?

वेष्टनावर मान्यताप्राप्त चिन्ह आणि प्रमाणन संस्थेचे नाव पाहावे. ‘नैसर्गिक’, ‘गावरान’ किंवा ‘ताजे’ हे शब्द प्रमाणपत्राची जागा घेऊ शकत नाहीत. लहान उत्पादकाला थेट ग्राहकाला विक्री करताना २०१७ च्या नियमांनी प्रमाणपत्रातून सूट दिली. अशा वेळी शेत कोठे आहे, खत कोणते घातले आणि कीड कशी आवरली, हे विचारणे हाच विश्वासाचा आधार होय. सर्वच वस्तू सेंद्रिय घेणे शक्य नसल्यास रोजच्या वापरातील एखाद्या धान्यापासून आरंभ करता येईल.