‘कॅपिटेला कॅपिटाटा’: नाव आहे, नमुना नाही

1780 साली ‘फाउना ग्रोएनलांडिका’ हा लॅटिन ग्रंथ छापून निघाला. त्याचा लेखक ओटो फाब्रिशिअस हा डॅनिश मिशनरी 1768 ते 1773 या काळात ग्रीनलँडला होता. त्याने प्राण्यांची तिथली स्थानिक नावंही टिपून ठेवली, आणि 1804 मध्ये ग्रीनलँडच्या भाषेचा कोशही काढला. असा काटेकोर माणूस. या ग्रंथात त्याने एका बारीक सागरी कृमीला ‘लुम्ब्रिकस कॅपिटाटस’ असं नाव दिलं, म्हणजे त्याची भरती गांडुळांच्या वंशात केली. पुढे 1828 मध्ये फ्रान्सच्या ब्लेनव्हिलने ‘कॅपिटेला’ हा वंश स्थापला आणि कृमी तिकडे गेला. आजही ‘कॅपिटेला कॅपिटाटा’पुढे फाब्रिशिअसचं नाव नि साल कंसात छापतात, ते या स्थलांतराची खूण म्हणून.

वर्णन उरलं, कृमी मात्र उरला नाही. ज्याच्याशी ताडून पाहावं असा फाब्रिशिअसचा मूळ नमुना उपलब्धच नव्हता, आणि त्याच्या काळचं ते वर्णन अनेक प्रजातींना लागू पडेल असं होतं. त्यामुळे हे नाव जगभर पसरलं. बंदरांच्या, सांडपाण्याच्या काळ्या गाळात असा कृमी सापडला की हेच नाव लिहायचं, आणि ते नाव दिसलं की ‘इथे प्रदूषण आहे’ असं वाचायचं, ही रीत पडली.

या रीतीला पहिला जोरदार धक्का अमेरिकेत बसला. सप्टेंबर 1969 मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या वेस्ट फाल्मथजवळ ‘फ्लोरिडा’ नावाची तेलवाहू बार्ज खडकावर आदळली आणि समुद्रात इंधन तेल सांडलं. तळावरचे बहुतेक जीव मेले, आणि त्या मोकळ्या जागेत कॅपिटेला बेसुमार वाढला. वूड्स होलचे फ्रेडरिक आणि ज्युडिथ ग्रासल हे दांपत्य त्यावर काम करत होतं. विकरांची विद्युत-पृथक्करणाने तपासणी केल्यावर 1976 मध्ये त्यांनी ‘सायन्स’मध्ये जाहीर केलं की ही एक प्रजाती नव्हे, दिसायला जवळपास सारख्या अशा किमान सहा प्रजाती आहेत. फरक होता तो प्रजननात. काहींच्या अळ्या पाण्यात तरंगत वाढतात, तर काहींची पिल्लं आईच्या नळीतच वाढ पुरी करून बाहेर पडतात.

ग्रासल दांपत्याने या प्रजातींना नावं दिली नाहीत, रोमन आकडे दिले. मला हा संयम शहाणपणाचा वाटतो. यातली एखादी फाब्रिशिअसचीच असेल तर नवं नाव जुन्यापुढे टिकणार नाही, आणि फाब्रिशिअसची कोणती हे सांगायला नमुना कुठे होता? पण तात्पुरती सोय मुक्कामाला राहिली. ‘कॅपिटेला प्रजाती एक’ प्रयोगशाळांमध्ये लाडकी झाली. भ्रूणविकासावरचे निबंधच्या निबंध तिच्यावर निघाले, तेही तिला नाव नसताना.

हा गुंता 2009 मध्ये ‘झूसिम्पोझिया’च्या दुसऱ्या खंडात सुटला. तिथे दोन निबंध लागोपाठ आहेत, आणि ते उलट्या क्रमाने वाचावेत. नंतर छापलेल्या निबंधात जेम्स ब्लेक पश्चिम ग्रीनलँडचे नमुने तपासून मूळ प्रजातीचं नव्याने वर्णन करतो आणि त्यातला एक नमुना नवा प्रमाण-नमुना ठरवतो. मूळ नमुना नसेल आणि नावावरून वाद असेल तर प्राणिनामांची आंतरराष्ट्रीय संहिता ही मुभा देते. नवा नमुना मूळ ठिकाणाच्या शक्य तितक्या जवळचा असावा, ही अट मात्र असते. जुनं नाव असं एका खऱ्या कृमीला बांधलं गेल्यामुळेच आधी छापलेल्या निबंधातलं नामकरण उभं राहतं. त्यात ब्लेक, ज्युडिथ ग्रासल आणि एकेलबार्गर यांनी ‘प्रजाती एक’ला ‘कॅपिटेला टेलेटा’ म्हटलं आहे. 2013 मध्ये ‘नेचर’मध्ये तिचा जनुकसंच याच नावाने प्रसिद्ध झाला.

‘टेलेटा’ हे नाव देणाऱ्या निबंधात जुन्या नोंदींचा आढावाही आहे, पण फक्त खात्रीच्या नोंदींचा. बाकीच्या ढिगाचं काय, याला सरसकट उत्तर नाही. ‘कॅपिटाटा’ खोडून तिथे ‘टेलेटा’ लिहिणं हीसुद्धा नवी चूकच ठरेल. भारतीय किनाऱ्यांवरच्या प्रदूषण-अभ्यासांतही ‘कॅपिटेला कॅपिटाटा’ भेटतो. जिथे अभ्यासकाने नमुने बाटलीत जपले असतील तिथे ते पुन्हा तपासता येतील. जिथे अहवालात नुसतं नाव आहे, तिथे ‘कॅपिटेलाची कुठलीशी प्रजाती’ एवढंच वाचावं.